बाईक कॅम्पिंगसाठी एकट्याचा टेंट कसा निवडायचा? जुन्नर-आंबेगावला जाण्याआधी हे आकडे तपासा

शॉपिंग अ‍ॅपवर एका माणसाचा टेंट शोधला की हजारभर रुपयांपासून वीस-पंचवीस हजारांपर्यंतचे टेंट एकाच यादीत दिसतात. फोटो सगळ्यांचे सारखेच, हिरवं गवत आणि मागे डोंगर. खरा फरक खाली स्पेसिफिकेशनच्या तक्त्यात असतो, आणि तो तक्ता बरेच जण उघडतच नाहीत. उघडला तरी पहिली नजर वजनावर जाते, कारण बहुतेक रिव्ह्यू पाठीवर सामान वाहणाऱ्या ट्रेकरसाठी केलेले असतात.

बाईकवाल्याचं गणित वेगळं आहे. टेंट अर्धा किलो जड असला तर इंजिनला काही फरक पडत नाही. पण तो बॅगेत आडवा बसला नाही, कातळावर उभा राहिला नाही किंवा रात्री खालून ओला झाला, तर हलका असून उपयोग काय?

या लेखात आपण पुणे जिल्ह्यातले जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके डोळ्यांसमोर ठेवून हे आकडे वाचणार आहोत. पुणे-नाशिक हायवेने मंचर किंवा नारायणगावला यायचं आणि डावीकडे सह्याद्रीकडे वळायचं, हा पुण्यातल्या बाईकवाल्यांचा नेहमीचा रस्ता. डिंभे, माणिकडोह, पिंपळगाव जोगे ही धरणं, आहुपे आणि नाणेघाट हे सगळं याच पट्ट्यात येतं.

१. आधी पॅक केल्यावरची लांबी बघा

तक्त्यात ‘पॅक्ड साइज’ अशी ओळ असते. त्यातला मोठा आकडा म्हणजे गुंडाळलेल्या टेंटची लांबी. ती कापडावर नाही, तर पोलच्या एका तुकड्याच्या लांबीवर ठरते. कापड कसंही दाबता येतं, पोल दाबता येत नाही.

टेप घ्या आणि तुमची सॅडलबॅग किंवा टेलबॅग आतून मोजा. समजा ती ४२ सेंमी भरली, तर ४० सेंमीपर्यंतचा टेंट आत जाईल आणि ५५ सेंमीचा बाहेर बांधावा लागेल. बाहेर बांधायचाच असेल तर मागच्या सीटवर आडवा बांधा. तो हँडलच्या रुंदीच्या बराच आत राहिला पाहिजे, इंडिकेटर आणि टेललाइट झाकले जाता कामा नयेत, आणि कुठलंही टोक सायलेन्सरकडे लोंबता कामा नये. गरम सायलेन्सरला नायलॉन टेकलं की भोक पडलंच समजा. ताणणाऱ्या रबरी दोरीपेक्षा बकलचे सपाट पट्टे चांगले, खड्ड्यांच्या रस्त्यावर ते कमी सैल होतात.

फेकला की आपोआप उघडणारे पॉप-अप टेंट मोहात पाडतात. पण त्यातले बरेचसे घडी केल्यावर मोठ्या गोल ताटासारखे होतात. कारच्या डिकीत ठीक, बाईकवर ते वारा धरतात.

२. मेखा न ठोकता उभा राहतो का?

सह्याद्रीचा हा भाग बेसॉल्टचा आहे. नाणेघाटाचं पठार असो की किल्ल्यांच्या आजूबाजूचे सडे, वरची माती कित्येक ठिकाणी बोटभरच असते आणि खाली कातळ. तिथे मेख आत जात नाही, वाकते. धरणाकाठच्या मुरमातही हीच गत.

म्हणून तक्त्यात ‘फ्रीस्टँडिंग’ हा शब्द शोधा. म्हणजे पोल एकमेकांना छेदून सांगाडा तयार होतो आणि टेंट मेखांशिवाय उभा राहतो. ट्रेकिंगच्या काठीवर उभे राहणारे टेंट फार हलके असतात, पण ते पूर्णपणे मेखांच्या ताणावर अवलंबून असतात. काही टेंटचं डोकं स्वतः उभं राहतं आणि पायाकडची बाजू मेखांनी ताणावी लागते, त्यांना ‘सेमी-फ्रीस्टँडिंग’ म्हणतात. कातळावर मोठे दगड बांधून तेही चालवता येतात.

पण फ्रीस्टँडिंग आहे म्हणून तसाच सोडून देऊ नका. घाटमाथ्यावर वारा किती असतो? पावसाळ्यात नाणेघाटात धबधब्याचं पाणी तो उलटं वर उडवतो. रिकामा टेंट म्हणजे त्याच्यासाठी पतंग. चार जादा दोऱ्या ठेवा, दगडाला गुंडाळून चारी कोपरे बांधा आणि सामान आधी आत टाका.

पोल शक्यतो अ‍ॅल्युमिनियमचे घ्या. फायबरग्लास स्वस्त असतो, पण जड असतो आणि तुटताना चिरफळ्या होऊन तुटतो. अ‍ॅल्युमिनियम वाकतो, आणि वाकलेल्या पोलवर नळीचा तुकडा चढवून रात्र काढता येते.

३. १५००, ३०००, ५०००: हे मिलिमीटर कशाचे?

हा आकडा पावसाचा नाही. कापडावर पाण्याचा स्तंभ उभा केला, तर किती उंचीपर्यंत पाणी आत झिरपत नाही, ते हा आकडा सांगतो. याला ‘हायड्रोस्टॅटिक हेड’ म्हणतात. वरच्या कव्हरला, म्हणजे फ्लायला, १५०० मिमी हा चांगला किमान आकडा आहे. २००० ते ३००० असेल तर जास्त निश्चिंत.

तळाचं गणित मात्र वेगळं. १००० मिमी पाण्याचा दाब म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १०० ग्रॅम. तुम्ही झोपता तेव्हा वजन पसरतं, दाब कमी असतो. पण आत गुडघा टेकला आणि ३० किलो भार ६० चौरस सेंटीमीटरवर आला, तर दाब होतो ५०० ग्रॅम, म्हणजे ५००० मिमी. म्हणून ओल्या जमिनीवर टेंटचा तळ गुडघ्याखालीच पाझरतो. तळ ३००० किंवा त्याहून जास्त घ्या आणि खाली प्लास्टिकची ताडपत्री अंथरा. ताडपत्री टेंटपेक्षा चारी बाजूंनी दोन बोटं लहान हवी. बाहेर राहिली तर फ्लायवरून ओघळलेलं पाणी तीच गोळा करून तुमच्या खाली आणते.

शिवणींवर पट्टी चिकटवलेली आहे का, तेही बघा. कापड कितीही चांगलं असलं तरी सुईच्या भोकातून पाणी येतं. शेजारी दिसणारा ‘२० डी’ किंवा ‘६८ डी’ म्हणजे डेनियर, धाग्याची जाडी. ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. बाईकसाठी फार पातळ कापडाची गरज नाही. थोडं जाड घ्या, घासलं तरी टिकतं.

४. थर एक की दोन?

एक माणूस रात्रभरात श्वास आणि त्वचेतून साधारण पाव लिटर पाणी हवेत सोडतो. हिवाळ्यात धरणाकाठी हवा दमट आणि कापड गार, मग हेच पाणी आतून थेंब होऊन बसतं. सकाळी लोक म्हणतात टेंट गळला, पण तो गळलेला नसतो.

यावर उपाय म्हणजे दोन थर. आत जाळी, बाहेर फ्लाय आणि मधे हवा खेळायला जागा. थेंब फ्लायच्या आतल्या बाजूवर बसतात आणि अंगावर न येता खाली ओघळतात. एका थराचे टेंट स्वस्त आणि छोटे असतात, पण इथल्या डिसेंबरमध्ये स्लीपिंग बॅग ओली करतात. पाण्यापासून थोडं दूर आणि थोडं उंचावर टेंट लावला तरी फरक पडतो.

५. एकट्याचा म्हणजे नेमका किती मोठा?

आतली लांबी तुमच्या उंचीपेक्षा किमान ३० सेंमी जास्त हवी, कारण दोन्ही टोकांना कापड उतरतं असतं. रुंदी ८० ते ९० सेंमी आणि उंची १०० सेंमीच्या आसपास असेल तर बसून जॅकेट घालता येतं. दार टोकाला असण्यापेक्षा बाजूला असलेलं बरं. फ्लायखाली दारासमोर छोटा ओटा असतो, तिथे बूट आणि सॅडलबॅग मावली पाहिजे. हेल्मेट आत घ्या, नाहीतर सकाळी घालण्याआधी झटका. विंचू आणि किड्यांना ती जागा आवडते.

६. टेंट बिबट्यापासून वाचवत नाही

तक्त्यात नसलेली, पण इथे सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही आहे. कुकडी प्रकल्पाच्या धरणांमुळे या पट्ट्यात ऊस वाढला, आणि उसाच्या दाट फडात बिबट्याची पिढ्यान्‌पिढ्या वस्ती झाली. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे ते यामुळेच. जुन्नर वनविभागात माणसांवर हल्ले झालेत, माणसं गेलीत. अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ कापड हे संरक्षण नव्हे.

म्हणून उसाच्या बांधावर, ओढ्याकाठी किंवा निर्जन बॅकवॉटरला एकट्याने टेंट लावू नका, फोटो कितीही भारी येवोत. गावात विचारा, एखाद्याच्या अंगणात, शाळेच्या किंवा होमस्टेच्या कुंपणात परवानगीने लावा. खरकटं टेंटजवळ ठेवू नका, त्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या. रात्री लघवीला उठलात तर टॉर्च लावून, आवाज करत जा आणि उघड्यावर खाली बसू नका. बिबट्या दिसला तर वनविभागाचा १९२६ हा हेल्पलाइन नंबर फोनमध्ये आधीच सेव्ह असू द्या. रेंज सगळीकडे मिळत नाही, म्हणून ऑफलाइन नकाशा घरूनच डाउनलोड करा आणि मुक्कामाचं गाव घरी सांगून निघा.

भीमाशंकर हे अभयारण्य आहे, तिथे परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही. शिवनेरी संरक्षित स्मारक आहे, तिथे टेंटचा विचारच नको.

७. पावसाळ्यात?

आंबेगाव तालुक्यातलं माळीण ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगराखाली गेलं, दीडशेच्या वर माणसं गेली. ५००० मिमीचा तळ दरडीपुढे काहीच नाही. मुसळधार पावसात डोंगरउताराखाली किंवा धरणाखालच्या नदीपात्रात टेंट नको. त्या दिवसांत पक्क्या छपराखाली झोपा. टेंटचे खरे दिवस पाऊस सरल्यापासून उन्हाळ्यापर्यंतचे.

खरेदीआधी

- पॅक केल्यावरची लांबी माझ्या बॅगेच्या आतल्या मापापेक्षा कमी आहे?
- फ्रीस्टँडिंग, दोन थर, अ‍ॅल्युमिनियम पोल?
- फ्लाय १५०० आणि तळ ३००० मिमी किंवा जास्त? शिवणींवर पट्टी?
- बसता येतं? दार बाजूला? बूट-बॅगेला ओटा?
- वजन दोन-अडीच किलोपर्यंत असेल तरी चालेल.

टेंट घरी आला की पहिल्यांदा गच्चीवर, मेखांशिवाय, अंधारात मोबाईलच्या टॉर्चवर लावून बघा. वर दोन बादल्या पाणी ओता आणि आत जाऊन तपासा. गडबड असेल तर परत करण्याची मुदत संपायच्या आत कळेल. ट्रिपवरून आल्यावर पूर्ण वाळवूनच ठेवा. ओलसर ठेवलेल्या टेंटचं आतलं कोटिंग काही काळाने चिकट होऊन सुटतं, आणि मग तक्त्यातले सगळे आकडे फक्त कागदावर उरतात.