एस्कॉम
दक्षिण आफ्रिकेतील सरकारी वीज कंपनी. स्थापना १९२३. देशातील बहुतांश वीज ती कोळशापासून तयार करते. वाढत्या मागणीचा इशारा १९९८ च्या श्वेतपत्रिकेने दिला होता. पण नव्या केंद्रांचा निर्णय लांबला आणि २००७-०८ मध्ये भारनियमनाची वेळ आली. पुढे मेदुपी व कुसिले या प्रत्येकी सुमारे ४,८०० मेगावॉटच्या केंद्रांची कामे रखडली, कर्ज फुगले. सरकारी यंत्रणेतील भ्रष्टाचाराच्या चौकशीसाठी नेमलेल्या झोंडो आयोगासमोर कोळसा-कंत्राटांतील गैरव्यवहारही पुढे आले. देखभाल टाळून जुने संच ताणले गेल्याने २०२३ मध्ये भारनियमनाने कळस गाठला. भारनियमनाच्या सहाव्या टप्प्यात ६,००० मेगावॉटपर्यंत भार कमी केला जाई.

निर्मिती, पारेषण व वितरण वेगळे करण्याची घोषणा २०१९ मध्ये झाली. मात्र स्वतंत्र पारेषण कंपनीचा कारभार जुलै २०२४ मध्ये सुरू झाला, तर नियमित भारनियमन मार्चअखेरीसच थांबले होते. म्हणजे पहिला दिलासा विभाजनाने दिला नाही. संचांची नियोजित देखभाल, सरकारने २०२३ मध्ये जाहीर केलेले २५४ अब्ज रँडचे कर्जसाहाय्य आणि छतांवरील सौरऊर्जा यांचा त्यात मोठा वाटा होता. यावरून विभाजन निरर्थक ठरत नाही : खासगी उत्पादकांना जाळ्यात समान प्रवेश द्यायचा, तर पारेषण तटस्थ हवे. विजेची दरवाढ गरिबांना जाचते, हा आक्षेपही खरा आहे. त्यावर उपाय सरसकट स्वस्त दर नसून गरजूंसाठीची मोफत युनिट योजना काटेकोर राबवणे हा आहे. एस्कॉमकडून वीज घेणाऱ्या नगरपालिकांची थकबाकी वसूल झाली नाही, तर मात्र विभाजनानंतर तोटा केवळ एका कंपनीच्या खात्यातून दुसरीच्या खात्यात जाईल.