मुक्या प्राण्यांचीं नांवें

घरांत आणलेल्या प्राण्याचें नांव काय ठेवावें, हा प्रश्न वरवर पाहतां मुलांच्या करमणुकीचा वाटतो. कुत्र्यामांजरांच्या बाबतींत तो चटकन सुटतोहि. परंतु हल्लीं शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत ससे, कासवें, परदेशी पक्षी यांच्या जोडीला एका नव्या पाहुण्याची चर्चा ऐकूं येऊं लागली आहे. इंग्रजींत ज्याला हेजहॉग म्हणतात तो ओंजळींत मावणारा कांटेरी प्राणी पाळण्याची हौस कित्येकांस वाटते, आणि मग त्याच्या नांवाचा खल सुरू होतो. त्या निमित्तानें एक जुना विषय पुन्हां तपासून पाहण्यासारखा आहे. आपल्या पूर्वजांनीं जनावरांना नांवें कशीं दिलीं, कां दिलीं, आणि कोणाला दिलीं नाहींत? या विचाराला जळगांव व धुळें हा मुलूख फार सोयीचा आहे. तो गुराढोरांचा आणि जनावरांच्या बाजारांचा मुलूख आहे, आणि त्याच्या स्वतःच्या नांवाचा इतिहासहि बोधप्रद आहे.

खानदेश हें नांव कशावरून आलें याविषयीं मतभेद आहेत. कान्हा म्हणजे कृष्ण, त्याचा हा देश, असें एक मत आहे. आभीर अथवा अहीर गवळ्यांची वस्ती येथें जुनी आणि अहिराणी बोली त्यांच्याच नांवाची, असा त्या मताला आधार देतात. चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून १६०१ पर्यंत येथें राज्य करणाऱ्या फारुकी घराण्याच्या 'खान' या किताबावरून खानदेश, असें दुसरें मत आहे. हा वाद कसाहि मिटो. तिसऱ्या एका नांवाची हकीकत मात्र निर्विवाद आहे. १६०१ सालीं अशीरगड हातीं आल्यावर अकबरानें आपला पुत्र दानियाल याच्यावरून या सुभ्याचें नांव दानदेश ठेवलें. नांव देणारा हिंदुस्थानचा बादशहा होता, आणि दरबारी कागदांत तें चाललेंहि. परंतु तापीकाठच्या माणसाच्या जिभेवर तें बसलें नाहीं. आज इतिहासाच्या पुस्तकाबाहेर तें कोणास ठाऊक नाहीं. पुढें १९०६ सालीं खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले, महाराष्ट्र राज्य झाल्यावर जळगांव व धुळें हीं जिल्ह्यांचीं नांवें रूढ झालीं, १९९८ सालीं धुळ्यांतून नंदुरबार निराळा निघाला; तरी 'आम्ही खानदेशचे' हे शब्द लोकांच्या तोंडून गेले नाहींत. नांव देणारा एक असतो. तें टिकवायचें कीं टाकायचें हें रोज हांक मारणारे ठरवितात. मुलुखाला लागू पडणारा हा नियम गोठ्यालाहि तितकाच लागू पडतो.

शेतकऱ्याच्या गोठ्यांतील नांवें पाहिलीं तर तीं बहुधा डोळ्यांनीं ठेवलेलीं असतात. पांढरा तो ढवळ्या, पोवळ्यासारखा तांबूस तो पवळ्या, कपाळावर चांद असलेला तो चांद्या. गाईंत कपिला, तांबू, हरणी. ही रीति आजची नाहीं. वैदिक वाङ्मयांत यमाच्या दोन कुत्र्यांचीं नांवें श्याम आणि शबल अशीं येतात, म्हणजे एक काळा व एक ठिपक्यांचा. यमाच्या दारांतील कुत्रा आणि आपल्या दारांतील बैल यांचें नामकरण एकाच पद्धतीनें व्हावें, यांत एक मौज आहे. महाभारतांत कृष्णाच्या रथाच्या चार घोड्यांना शैब्य, सुग्रीव, मेघपुष्प आणि बलाहक अशीं भारदस्त नांवें आहेत. पण तीं काव्यांत शोभलीं आणि काव्यांतच राहिलीं. ढवळ्या-पवळ्यांना मात्र भाषेनें म्हणींत जागा दिली. ढवळ्याशेजारीं पवळ्या बांधला तर वाण नाहीं पण गुण लागतो, असें आपण माणसांविषयीं बोलतों आणि दृष्टान्त बैलांचा देतों. ज्यांचीं नांवें म्हणींत येतात ते कुटुंबाच्या बाहेरचे समजले गेले नाहींत, हें उघड आहे.

बाजारांतील रीत निराळी असते. तापीकाठीं सारंगखेड्यास दत्तजयंतीला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तें गांव १९९८ पर्यंत धुळें जिल्ह्यांत होतें, आतां नंदुरबार जिल्ह्यांत आहे. तेथें घोड्याला नांव नसतें. त्याला खुणा असतात. चारी पाय व तोंड पांढरें असलेला पंचकल्याणी शुभ मानावयाचा, अंगावरचे भोंवरे कोठें आहेत तें पाहावयाचें, चाल पाहावयाची. बैलाच्या बाजारांतहि दोनदांती, चारदांती, जुळलेला अशी दांतांवरून वयाची बोली चालते. पश्चिम खानदेशांत ठिल्लारी म्हणून ओळखली जाणारी खिलारांची जात, नेमाडी जात, अशी जातीची बोली चालते. हें सारें किंमत ठरविण्यासाठीं. जनावर विकत घेऊन घरीं आणलें, घरच्या लक्ष्मीनें त्याच्या पायांवर पाणी घातलें, आणि दुसऱ्या दिवशीं त्याला पाण्यावर नेतांना मुलानें जी हांक मारली तें त्याचें नांव. बाजारांत जी केवळ खूण होती तिचेंच गोठ्यांत नांव होतें. श्रावणी अमावास्येला पोळा येतो. ळ चा य करणाऱ्या तापीकाठच्या बोलींत तोच पोया. त्या दिवशीं बैलाच्या खांद्यावर जूं ठेवीत नाहींत; त्याला न्हाऊं घालून, शिंगें रंगवून, पुरणपोळीचा घास देतात, आणि तो घास नांव घेऊनच दिला जातो. जळगांवजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना या सणावर रचना करावीशी वाटली ती उगीच नव्हे. अमळनेरास शिक्षक असलेल्या साने गुरुजींनीं १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत 'श्यामची आई' लिहिली, तींतील एका प्रकरणाला मोरी गाईचें नांव आहे. घरांतील माणसांच्या आठवणींत गाईची आठवण तिच्या नांवासकट येते.

नांवाबरोबर जबाबदारी येते, हें आपल्या परंपरेनें कथांच्या रूपानें सांगून ठेवलें आहे. जातकांतील नंदिविशाल बैलाची गोष्ट प्रसिद्ध आहे. त्याच्या बळावर तक्षशिलेच्या ब्राह्मणानें शंभर गाड्या ओढण्याची पैज लावली आणि ऐन वेळीं त्याला 'लबाडा' म्हणून डिवचलें. बैल जागचा हलला नाहीं, पैज गेली. पुढच्या खेपेस दुप्पट पैज लावून ब्राह्मणानें त्याला गौरवानें हांक मारली, आणि शंभर गाड्या निघाल्या. महाराष्ट्रांतील कथा याहून खोल जाते. १७६२ सालीं पूर्ण झालेल्या महिपतीच्या 'भक्तविजयां'त पैठणची हकीकत आहे. ज्ञानदेव हें नांव ऐकून कोणी कुत्सितपणें म्हणालें कीं नांवांत काय आहे, हा पखालीचा रेडाहि ज्ञानाच. ज्ञानदेवांनीं ती थट्टा अक्षरशः खरी मानली. त्यांत आणि माझ्यांत भेद नाहीं, असें सांगितलें. रेड्याच्या पाठीवर आसूड ओढला, तो वळ ज्ञानदेवांच्या पाठीवर उमटला, आणि मग रेडा वेद बोलला. चमत्कार बाजूला ठेवूनहि या कथेंतील विचार स्वच्छ दिसतो: प्राण्याला आपलें नांव दिलें म्हणजे त्याच्या अंगावरचा फटका आपल्या अंगावर घेणें आलें. सातारच्या शाहू महाराजांनीं (१६८२–१७४९) वाघाच्या शिकारींत आपला जीव वांचविणाऱ्या कुत्र्याला जहागीर व पालखी दिल्याची हकीकत ग्रँट डफनें नोंदविली आहे; परंपरा त्या कुत्र्याचें नांव खंड्या सांगते. येथेंहि नांवामागें एक ऋण उभें आहे.

उलट बाजूचें उदाहरणहि विसरूं नये. भारतीय युद्धांत एका हत्तीचें नांव अश्वत्थामा होतें. द्रोणाचार्यांच्या पुत्राचें नांव त्याला मिळालें, आणि तेंच त्याच्या मृत्यूचें कारण झालें. द्रोणांना फसविण्यासाठीं भीमानें त्या हत्तीला मारलें. धर्मराजाच्या 'नरो वा कुंजरो वा' मध्यें त्या बिचाऱ्याची दखल एका संदिग्ध शब्दापुरतीच उरली. नांवांनीं प्राण्याचें रक्षण होतें तसा घातहि होतो. नांव देणाऱ्याचा हेतु पाहावा लागतो.

आतां त्या कांटेरी प्राण्याकडे वळूं. हा परदेशांतून आलेला पाहुणा आहे अशी पुष्कळांची समजूत असते, ती बरोबर नाहीं. पश्चिम हिंदुस्थानच्या कोरड्या, उघड्या माळरानांत याची एक देशी जात राहते. तिचें शास्त्रीय वर्णन एडवर्ड ब्लाइथनें १८४६ सालीं केलें. वीतभर लांबीचा, तोंडावर काळपट पट्टा, कपाळ पांढुरकें, पाठभर आंखूड कांटे असा हा प्राणी दिवसा बिळांत पडून राहतो आणि रात्रीं किडे व विंचू शोधीत हिंडतो. भय वाटलें कीं त्याच्या कातडीखालचा गोल स्नायु बटव्याच्या नाडीप्रमाणें आवळला जातो, तोंड-पाय आंत ओढले जातात, आणि उरतो तो नुसता कांट्यांचा चेंडू. साळू किंवा साळिंदर हा निराळा प्राणी: तो कुरतडणाऱ्यांच्या वर्गांतला, कुत्र्याएवढा वाढणारा, लांब पिसें झाडणारा. याचें नातें चिचुंद्रीशीं अधिक जवळचें आहे.

आणि येथेंच आश्चर्य आहे. ज्या भाषेंत गोठ्यांतील प्रत्येक बैलाला नांव आहे, त्या भाषेच्या पुस्तकांत या प्राण्याच्या जातीला एक ठाम नांव नाहीं. धर्मशास्त्रांत पांच नखांच्या भक्ष्य प्राण्यांच्या यादींत श्वाविध व शल्यक असे दोन कांटेरी प्राणी आहेत. श्वाविध म्हणजे कुत्र्याला टोंचणारा, हें छान अन्वर्थक नांव. पण त्यांतला साळू कोणता आणि हा कोणता, याविषयीं भाषांतरकारांचें एकमत नाहीं. गुजरातींत त्याला शेळो म्हणतात. हिंदींत कांटाचूहा म्हणतात, म्हणजे उंदीर नसलेल्याला उंदीर. इंग्रजींत कुंपणांतलें डुक्कर म्हणतात, म्हणजे डुक्कर नसलेल्याला डुक्कर. मराठी अनुवादक बहुधा साळिंदर लिहून मोकळे होतात. विद्वानांनीं संस्कृतांतून घेतलेला जाहक हा शब्द मराठी लेखनांत आढळतो. पण हांक मारणाऱ्यांच्या तोंडीं तो अजून रुळलेला नाहीं. त्याची गत अकबराच्या दानदेशासारखी होऊं नये, एवढीच इच्छा.

असें कां झालें असावें? आपण नांवें दिलीं तीं औताला, पखालीला, दारावरच्या राखणीला उपयोगी पडणाऱ्यांना. किंवा ज्यांचें भय वाटतें त्यांना. जाहक यांपैकीं कशांतहि बसत नाहीं. तो आपल्या शेतांतले किडे खातो, पण रात्रीं. आपण झोंपलेले असतांना केलेल्या उपकाराची नोंद कोण ठेवणार? इंग्लंडांत तो बागांच्या कुंपणांत राहणारा शेजारी, म्हणून त्याच्यावर प्रीति जडली. बीट्रिक्स पॉटर या लेखिकेनें पाळलेल्या जाहकाचें नांव टिगी होतें, आणि १९०५ सालीं निघालेल्या तिच्या पुस्तकांत तीच मिसेस टिगी-विंकल ही परटीण झाली. तेथील मुलांना तेव्हांपासून तो प्राणी नांवानें ठाऊक आहे. पुढें अमेरिकेंत आफ्रिकेंतील एक लहान जात घरांत निपजवून पाळण्याची चाल पडली. चित्रांतून आपल्याकडे आलेली हौस ती तेथली. आपल्या माळावरच्या जाहकाची गोष्ट वेगळी. तो रानचा जीव आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षणाच्या कायद्यान्वयें रानांतला असा प्राणी धरून घरांत कोंडणें वर्ज्य आहे. त्याला पिंजऱ्यांत घालून लाडकें नांव देणें म्हणजे अश्वत्थामा हत्तीच्या नांवासारखेंच होईल: नांव त्याचें, सोय आपली.

जळगांव जिल्ह्यांत तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव नांवाचें गांव आहे. योगी चांगदेवांची कथा सर्वांस ठाऊक आहे. ज्ञानदेवांना पत्र लिहितांना मायना काय घालावा हें त्यांना सुचेना. वयानें लहान म्हणून चिरंजीव लिहावें तर ज्ञानानें थोर, तीर्थरूप लिहावें तर वयानें पोर. शेवटीं त्यांनीं कोराच कागद पाठविला. त्या कागदावर मुक्ताबाई हंसल्या खऱ्या. पण उत्तरादाखल पासष्ट ओव्यांचा उपदेश आला तो त्या कोऱ्या कागदालाच. भलतें नांव लिहिण्यापेक्षां न लिहिणें हा प्रामाणिकपणा होता, आणि पुढचें ज्ञान त्याच्यापासून सुरू झालें.

जाहकाच्या बाबतींत आपला कागद अजून कोरा आहे. मुलांनीं त्याचें नांव विचारलें तर लाडकें नांव शोधण्याऐवजीं त्यांच्याकडून जातीचें नांव शोधवावें. धुळ्याकडील ठेलारी मेंढपाळ वर्षाचे कित्येक महिने रात्री उघड्या माळावर काढतात. रात्रीचें राखण करणारे शेतकरी आहेत. या प्राण्याला ते काय म्हणतात तें विचारून, गांवाच्या नांवासह टिपून ठेवावें. धुळ्यास १९२६ सालीं देह ठेवणाऱ्या इतिहासाचार्य राजवाड्यांनीं गांवोगांव पायपीट करून कागद आणि शब्द गोळा केले, त्या मुलुखांतील मुलांना हें काम अपरिचित वाटूं नये. माळरानें नांगराखालीं व इमारतींखालीं जात आहेत, रस्त्यांवरून रात्रभर मोटारी धांवतात, आणि अंगाचा चेंडू करून चाकापासून कोणाचें रक्षण होत नाहीं. ज्याला नांव आहे तो नाहींसा झाला तर कोणीतरी हांक मारून पाहतो. बिननांवाचा गेला तर तो गेला हेंहि कळत नाहीं.