घोंगडी आणि कसर

प्रवरेकांठच्या बेलापूरच्या मुलखाचें रूप गेल्या शतकांत पार पालटलें. १९२६ सालीं भंडारदऱ्याचें धरण पुरें झालें, कालव्यांचें पाणी रानोमाळ खेळूं लागलें आणि हा उसाचा मुलूख म्हणून ओळखला जाऊं लागला. त्या आधींच्या जीवनाची साक्ष केवळ दप्तरांत सांपडत नाहीं. ती कित्येकदां माळ्यावरील पेटींत, धनगरी घोंगडीच्या रूपानें पडलेली असते.

पेटी उघडावी तों घोंगडीची चाळण झालेली! 'कसर लागली' एवढें म्हणून आपण मोकळे होतों. परंतु या एका शब्दाआड निरनिराळे कीटक दडले आहेत. पोथ्यांतून सुळकन् पळणारी, रुपेरी अंगाची ती एक. तिचा रोख कागद व खळ यांवर. स्वतः विणलेल्या रेशमी आवरणांत राहून लोकर खाणारी पतंगाची अळी ती दुसरी. तिसरा शत्रु म्हणजे गालिच्याचा भुंगेरा. त्याची केसाळ, तपकिरी अळी लोकर, पिसें, कातडें यांवर जगते. वाढतांना टाकलेल्या पोकळ काती ही तिची खूण. प्रौढ भुंगेरा मात्र जेमतेम दोन-चार मिलिमीटरांचा, वाटोळा, ठिपकेदार. तो फुलांतील पराग खातो व उजेडाकडे धांवतो. खिडकीच्या कांचेवरील हा साळसूद पाहुणा पेटींतील नासाडीचा जनक असेल, अशी शंकाही येत नाहीं.

शास्त्रज्ञांनीं त्यास केव्हांच ओळखलें होतें. १७६१ सालीं लिनियसनें याच्या एका जातीस 'म्युझियोरम', म्हणजे 'संग्रहालयांचा', असें नांव दिलें. पुढें युरोपांत पशुपक्ष्यांच्या कातड्यांस सोमलाचा साबण चोळूं लागले. त्यानें किडा टळे, पण हाताळणाऱ्याच्या जिवासही धोका असे. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीनें १८८३ पासून जमविलेला संग्रहही याच वैऱ्यापासून जपावा लागतो. हल्लीं संग्रहालयांत शंका येतांच वस्तु घट्ट गुंडाळून उणें वीस अंशांच्या थंडींत आठवडा-दोन आठवडे ठेवतात.

घरीं एवढा खटाटोप नको. घोंगडी वरचेवर उलगडावी, कडक उन्हांत झटकावी, घड्या व शिवणी ब्रशानें साफ कराव्या, पेटीचे कोपरे पुसावे. अंधार, धूळ व विस्मृति हींच या अळीचीं माहेरघरें होत.

पुण्यास १९१० सालीं भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें आणि जुन्या कागदांस वाली मिळाला. मेंढपाळानें आपला इतिहास कागदावर नव्हे, लोकरींत ठेविला. त्याचा वाली पेटीची किल्ली ज्याच्या हातीं, तोच.