तबकडीचीं तीन मिनिटें

गव्हाणच्या आमच्या जुन्या घरीं चावीचा ग्रामोफोन अद्यापि आहे. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजानचें गाणें तबकडीवर उतरलें, आणि तासभर रंगणारा राग सुमारें ३ मिनिटांत बसविणें गवयांस भाग पडलें. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांनीं त्या बंधनांतही झिंझोटीची ठुमरी अजरामर केली. १९३७ सालीं ते निवर्तले. १९८२ सालीं कॉम्पॅक्ट डिस्क निघाली. ध्वनीचे सेकंदास ४४,१०० नमुने अंकांत टिपून ती ७४ मिनिटांचें गायन सांठवी. आजचीं यंत्रें जुन्या तबकडीची खरखरही पुसतात. परंतु जो विस्तार मुद्रित झालाच नाहीं, तो तीं कोठून आणणार? म्हणून तीं ३ मिनिटें चालूं असतांना आमच्या घरांत कोणी बोलत नाहीं.