रंग उडालेली जुनी कार पुन्हा का रंगवत नाहीत?

दुर्मीळ जुनी कार हाती आली की नवा रंग देऊन ती चकचकीत करायची, अशी अनेक वर्षं पद्धत होती. आता बरेच संग्राहक झिजलेला रंग तसाच ठेवतात. कारण सोपं आहे. नवा रंग कधीही देता येतो, पण जुना रंग एकदा खरवडला की गेला. गाडी कशी रंगवली होती, पुढे कुठे दुरुस्त झाली, हे जाणकार त्या थरांवरूनच ओळखतात.

अमेरिकेतल्या पेबल बीच स्पर्धेत अशा जतन केलेल्या गाड्यांचा वेगळा गट असतो. २०२४ मध्ये या गटातल्या १९३४ च्या बुगाटी टाइप ५९ स्पोर्ट्सने सर्वोत्तम कारचा किताब जिंकला. जतन गटातल्या गाडीला हा मान पहिल्यांदाच मिळाला. बेल्जियमचे राजे तिसरे लिओपोल्ड यांनी ही रेसिंग कार विकत घेऊन काळी रंगवली आणि त्यावर पिवळा पट्टा ओढून घेतला. गाडी आजही त्याच रूपात आहे.

अर्थात, तसंच ठेवणं म्हणजे दुर्लक्ष करणं नव्हे. गंज रोखावा लागतो. ब्रेक, टायर, वायरिंग सुस्थितीत ठेवावं लागतं. सांगाडाच गंजून कमकुवत झाला असेल, तर मात्र दुरुस्तीला पर्याय नाही.