हवा मोजण्याचे भाडे

साकीनाक्याला भाड्याने काय मिळत नाही, असे विचारावे. औद्योगिक वसाहतीतला गाळा भाड्याचा, माल हलवणारा टेम्पो भाड्याचा, स्लॅब फोडायचे ब्रेकर मशीन दिवसाच्या भाड्याने. अशा नाक्यावर हवा मोजायचे यंत्र विकत घ्यावे की भाड्याने आणावे, हा प्रश्न बाजारभावाने सुटायला हवा होता. प्रत्यक्षात तो सोडवला कायद्याने, आणि दर वेळी वेगळ्या तऱ्हेने.

मुंबईचा धुराविरुद्धचा कायदा १९१२चा. साकीनाका तेव्हा मुंबईच्या हद्दीतही नव्हता. कुर्ला-अंधेरीचा हा पट्टा शहरात आला १९५० मध्ये. धुराचा काळेपणा ठरवायला त्या काळी जगभर रिंगेलमानचा तक्ता वापरत. कागदावर पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या चौकटी, आणि धुराड्याकडे बघून रंग जुळवायचा. कागदाचे भाडे कोण मागणार?

यंत्रांचा धंदा आला तो पुष्कळ नंतर. १९८१ मध्ये हवेचा कायदा झाला, भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा झाला आणि जानेवारी १९९४ मध्ये ठराविक प्रकल्पांना आधी परिणामांचा अभ्यास करणे सक्तीचे झाले. अभ्यास म्हणजे आजूबाजूची हवा, पाणी, आवाज, माती मोजणे. पाण्याला बाटली पुरते. हवेला मात्र सॅम्पलर लागतो, आणि तो बाळगणे हे प्रकरणच वेगळे.

जुना हाय व्हॉल्यूम सॅम्पलर बघितलेला माणूस तो विसरत नाही. वर उतरते पत्र्याचे छप्पर, लांबून बघणाऱ्याला गच्चीवर कुणी देवघर आणून ठेवल्यासारखे वाटावे. आत पंखा जोराने हवा ओढतो आणि काचतंतूच्या फिल्टरवर धूळ बसते. फिल्टर आधी तोलायचा, नंतर तोलायचा, फरक मिलिग्रॅममध्ये. बाजूला काचेच्या नळ्या, त्यांतल्या द्रावणात सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइड शोषले जाणार. त्या बर्फाच्या पेटीतून प्रयोगशाळेत न्यायच्या. नळ्या चार तासांनी बदलायच्या, फिल्टर आठ तासांनी, आणि हे चोवीस तास. म्हणजे यंत्राबरोबर गच्चीवर रात्र काढणारा माणूसही आलाच. वीज गेली तर जनित्र. तेही भाड्याचे, आणि त्याचा धूर सॅम्पलरकडे येणार नाही अशा बेताने ठेवलेले. भाड्याने यंत्र आणणारा खरे तर हा सगळा संसार भाड्याने आणत असे.

आणि लागे किती दिवस? झटपट अभ्यासाला पावसाळा सोडून एका हंगामाची मोजणी चालत असे. तीन महिने, आठवड्यातून दोन दिवस. एवढ्यासाठी यंत्र विकत घेणारा मालक शोधूनही सापडला नसता. त्यामुळे सॅम्पलर राहिले सल्लागारांकडे आणि प्रयोगशाळांकडे. प्रकल्पवाल्याने घेतला तो छापील अहवाल.

सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेने २० हजार चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या बांधकामांनाही मंजुरी बंधनकारक केली. साकीविहार रोड आणि चांदिवलीत कारखान्यांच्या जागी काचेच्या इमारती आणि टॉवर उभे राहत होते. मंजुरीनंतर दर सहा महिन्यांनी अनुपालनाचा अहवाल द्यायचा, म्हणजे वर्षातून दोनदा सॅम्पलर गच्चीवर चढणार आणि उतरणार. भाडेच परवडे. गंमत अशी, की त्या अधिसूचनेच्या यादीत मेट्रोमार्ग नव्हताच. ८ जून २०१४ ला सुरू झालेली वर्सोवा-घाटकोपर मेट्रो नाक्याच्या डोक्यावरून गेली, तिच्या खांबांची धूळ वर्षानुवर्षे रस्त्याने खाल्ली.

पारडे फिरले ते ऑक्टोबर २०२३ मध्ये. हवा इतकी बिघडली होती की उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. महापालिकेने बांधकामांसाठी नियम काढले: उंच पत्र्याचे कुंपण, पाण्याचा फवारा आणि जागेवर सेन्सरवाले हवामापक. आता हंगामाचा प्रश्न उरला नाही. खड्डा खणल्यापासून रंग लागेपर्यंत मोजत राहायचे. इतक्या महिन्यांचे भाडे जोडले तर विकत घेणे स्वस्त दिसू लागते, आणि एकामागून एक इमारती बांधणाऱ्याने ते घ्यावेही.

पण हा सेन्सरचा डबा जुन्या सॅम्पलरसारखा भोळा नाही. तो धूळ तोलत नाही. प्रकाश कणांवर कसा विखुरतो त्यावरून अंदाज बांधतो. दमट हवेत पाण्याचे थेंबही त्याला धूळ वाटतात, म्हणून मुंबईच्या पावसाळ्यात त्याचा आकडा फुगतो. महिने जातात तसे त्याचे मोजमाप सरकते आणि त्याला प्रमाणित यंत्राशेजारी ठेवून पुन्हा जुळवावे लागते. भाड्याच्या करारात हे काम देणाऱ्यावर टाकता येते. विकत घेतलेल्या डब्याला मात्र वाली नसतो. साइटवरच्या माणसाच्या लेखी लाल आकडा पेटला की झाले. एकाच इमारतीपुरते काम असेल तर देखभालीसकट भाडे हाच शहाणपणाचा सौदा.

हवेतल्या अतिसूक्ष्म धूलिकणांची, म्हणजे पीएम २.५ ची, चोवीस तासांची राष्ट्रीय मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, पीएम १० ची १००. साकीनाक्याच्या सिग्नलला रिक्षा अडकली आणि समोरच्या कुंपणावर हवेचा आकडा दाखवणारा फलक दिसला, तर आकडा वाचाच. पण जमल्यास उतरून वॉचमनला विचारा, डब्याचे कॅलिब्रेशन शेवटचे कधी झाले.