चुंगशान (युद्धनौका)

चुंगशान : चिनी नौदलाची ऐतिहासिक तोफनौका, मूळ नाव युंगफेंग. सध्या हूपै प्रांतातील वूहान शहरालगत जिनकौ येथे, यांगत्से नदीच्या काठी, स्वतंत्र संग्रहालयात जतन केलेली आहे. पोलादी बांधणीची, सु. ६२ मी. लांबीची आणि ७८० टन विस्थापनाची ही बोट आकाराने आणि तोफखान्याने सामान्यच होती. तिचे महत्त्व तिच्यावर घडलेल्या घटनांमुळे आहे.

चिंग राजवटीच्या अखेरीस, १९१० मध्ये, राजपुत्र झाइशून आणि नौसेनाधिकारी सा चनपिंग यांनी परदेशातील गोद्या पाहून काही युद्धनौकांची मागणी नोंदवली. त्यांपैकी युंगफेंग जपानमध्ये नागासाकीच्या मित्सुबिशी गोदीत बांधली गेली. ती १९१२ मध्ये पाण्यात उतरली तेव्हा ती मागवणारे साम्राज्यच संपलेले होते. १९१३ मध्ये ती नव्या प्रजासत्ताकाच्या ताब्यात आली.

क्रांतिकारक नेते सन यत्-सेन यांनी १९१७ मध्ये संविधानरक्षणासाठी ग्वांगजौ येथे वेगळे सरकार उभारले, तेव्हा नौदलाचा एक भाग त्यांना जाऊन मिळाला. युंगफेंग त्यातच होती. जून १९२२ मध्ये सेनापती चन च्युंगमिंग याने बंड करून त्यांच्या निवासस्थानावर हल्ला चढवला. सन निसटून नदीतील युद्धनौकांच्या आश्रयाला गेले आणि पन्नासहून अधिक दिवस तेथेच राहिले. त्यातला बराच काळ त्यांचा मुक्काम युंगफेंगवर होता. काठावरच्या तोफांचा मारा सोसत ताफा पर्ल नदीतून मार्ग काढत होता. अशा वेळी त्यांचा लष्करी अनुयायी चँग कै-शेक शांघायहून येऊन त्यांना मिळाला. या सहवासाने चँगवरचा सन यांचा विश्वास दृढ झाला, आणि त्या दिवसांची हकिगत पुस्तकरूपाने लिहून चँगनेही ती निष्ठा लोकांपुढे मांडली. त्याच्या पुढच्या वाटचालीतले हे मोठे भांडवल ठरले. सन यांनी नोव्हेंबर १९२४ मध्ये ग्वांगजौ सोडले तेही याच बोटीने. मार्च १९२५ मध्ये ते बीजिंगला निवर्तले आणि पुढच्याच महिन्यात, चीनमध्ये ते ज्या नावाने ओळखले जातात ते चुंगशान हे नाव बोटीला देण्यात आले.

‘चुंगशान प्रकरण’ २० मार्च १९२६ चे. बोट ग्वांगजौहून व्हामपोआला गेली आणि परतली. या हालचालीमागे आपल्याला पकडण्याचा कट असल्याचे सांगून, व्हामपोआच्या लष्करी अकादमीचा प्रमुख असलेल्या चँगने शहरात लष्करी कायदा पुकारला, नौदलाचा साम्यवादी अधिकारी ली जलुंग याला अटक केली आणि सोव्हिएत सल्लागारांच्या निवासस्थानाला वेढा घातला. बोट हलवण्याचा हुकूम कोणी व कशासाठी दिला, यावर इतिहासकारांचे आजही एकमत नाही. परिणाम मात्र उघड होता : ग्वांगजौ सरकारचा प्रमुख वांग चिंगवै बाजूला पडला आणि सत्तेची सूत्रे चँगच्या हाती आली.

चीन-जपान युद्धात वूहानच्या रक्षणासाठी बोट यांगत्सेत आणली गेली. किनाऱ्यावरच्या मोर्चांसाठी तिच्या मोठ्या तोफा काढून नेल्या होत्या. २४ ऑक्टोबर १९३८ रोजी जिनकौजवळ जपानी विमानांनी तिला गाठले. बाँबने सुकाणू निकामी झाले, बॉयलरच्या खोलीत पाणी शिरले. कप्तान सा शर्‌चून पायाला जबर जखम होऊनही बोट सोडायला तयार नव्हता. सहकाऱ्यांनी त्याला बळेच होडीत उतरवले, तर विमानांनी त्या होडीवरही गोळीबार केला. तो व आणखी २४ जण ठार झाले. दुसऱ्याच दिवशी हांकौ पडले.

२८ जानेवारी १९९७ रोजी, अठ्ठावन्न वर्षांनी, बोट गाळातून वर काढण्यात आली. आत हजारो वस्तू सापडल्या. दुरुस्ती करताना तिला १९२५ मधले, म्हणजे नामांतराच्या वेळचे, रूप देण्यात आले. मात्र १९३८ च्या बाँबनी फाटलेले पत्रे तसेच राखले. काटेकोर पुनर्रचनेच्या नियमात हे बसत नाही, कारण १९२५ साली ती भगदाडे नव्हतीच. तरीही निर्णय योग्यच म्हणावा लागेल : ती बुजवली असती तर कप्तान सा आणि त्याच्या खलाशांचा अखेरचा दिवस बोटीवरून पुसला गेला असता. संग्रहालय २०११ मध्ये, चिंग राजवट उलथवणाऱ्या शिनहाय क्रांतीच्या शताब्दी वर्षात, खुले झाले. त्यासाठी जिनकौची निवड झाली ती बोट याच परिसरात बुडाली होती म्हणून.